दुकानाचं टोकन आणि झेंड्याचं टोकन

1862 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना लोकांनी आधी सोनं, मग चांदी आणि शेवटी साधा एक सेंटही दडवून ठेवला. बाजारात मोड मिळेना. जुलैमध्ये सरकारने टपाल तिकिटं पैसे म्हणून चालवायची मुभा दिली, पण ती हाताला चिकटत, फाटत. मग खासगी कारागिरांनी सेंटच्या आकाराची, बहुतेक तांब्याची टोकनं पाडली. अशी कोट्यवधी टोकनं उत्तरेकडच्या राज्यांत चालली.

आज संग्राहकांच्या डब्यात ती एकत्रच पडलेली असतात, पण त्यांच्या जाती दोन. एकीवर दुकानदाराचं नाव, गाव, धंदा असतो. सिनसिनाटीच्या व्यापाऱ्यांनी अशी भरपूर काढली. दुसरीवर झेंडा, तोफ, ‘आर्मी अँड नेव्ही’ अशा घोषणा असतात, मात्र टोकन कोणी काढलं ते कुठेच नसतं. काहींवर ‘वन सेंट’ ठळक आणि त्याच्या वर बारीक अक्षरांत ‘नॉट’! बनावट नाण्याचा आळ येऊ नये म्हणून केलेली ही सोय. गोंधळ वाढतो तो साच्यांमुळे. दोन्ही जाती त्याच कारागिरांकडे घडत, त्यामुळे एका बाजूला झेंडा आणि दुसऱ्या बाजूला किराणावाला, असंही टोकन सापडतं. दुकानदाराचं नाव दिसलं की ते दुकानाचंच धरायचं.

नावाला इतकं महत्त्व का? झेंड्याचं टोकन परत घेऊन खरे पैसे देणारं कोणीच नव्हतं. दुकानाच्या टोकनाला निदान जायला एक दार होतं. तेही उघडेलच असं नाही, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. न्यूयॉर्कचा दारूविक्रेता गुस्टाव्हस लिंडेनम्युलर याने स्वतःच्या नावाची दहा लाखांहून जास्त टोकनं बाजारात सोडली. थर्ड अव्हेन्यू रेलरोड या शहरातल्या ट्राम कंपनीने भाड्यापोटी ती घेतली आणि ढीग साचल्यावर बदलून मागितली. त्याने साफ नकार दिला, आणि कंपनीला दाद मागायला जागा नव्हती. म्हणजे नावाने ओळख पटायची, हमी मिळायची नाही. लोक दोन्ही टोकनं घेत, कारण दुसरी मोडच नव्हती.

एप्रिल 1864 च्या कायद्याने खासगी एक आणि दोन सेंट बेकायदा ठरवले, जूनच्या कायद्याने उरलेली खासगी नाणीही. त्याच वर्षी सरकारने पातळ, हलका कांस्याचा सेंट काढला. वजनाने आणि रूपाने तो या टोकनांच्याच जवळचा होता.