दहा नॉट आणि पंचेचाळीस मैल : सरोवरांतल्या वेगमर्यादेच्या वादामागे

सरोवरात बोटींना वेगमर्यादा असावी का, हा वाद नेहमी स्पीडबोटवाले विरुद्ध वल्हेवाले असा रंगवला जातो. त्यामागे खरे तर दोन प्रश्न आहेत. एक अपघात टाळण्याचा, दुसरा ते पाणी कोणी कसे वापरावे याचा. दोन्ही एकाच दमात बोलले जातात, म्हणून उत्तर सापडत नाही.

होड्या वल्ह्यांवर आणि शिडांवर चालत होत्या तोवर यातले काहीच नव्हते. १९०९ च्या सुमारास अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी होडीच्या मागे अडकवायचे आउटबोर्ड इंजिन बाजारात आणले आणि साध्या होडीचीही मोटारबोट होऊ लागली. १९२२ मध्ये मिनेसोटातल्या पेपिन सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन पायांना फळ्या बांधून बोटीमागे उभा राहिला आणि वॉटरस्कीइंग सुरू झाले. वेग ही आता गरज नव्हती, मौज होती.

त्याच काळात सरोवरांचे शांत पाणी विक्रमवीरांनाही खुणावत होते. १३ जून १९३० रोजी इंग्लंडच्या विंडरमिअर सरोवरावर सर हेन्री सीग्रेव्ह यांनी ताशी ९८.७६ मैलांचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच फेरीत त्यांची बोट उलटली आणि काही तासांत ते गेले. तरंगत्या ओंडक्याला बोट धडकली असावी, असे मानले जाते. जगातली सर्वांत वेगवान बोट आणि पाण्यात वाहत आलेले एक लाकूड! सरोवराच्या पृष्ठभागावर काय तरंगत असेल याचा भरवसा नसतो, आणि बोटीला ब्रेक नसतात. १९५५ मध्ये जवळच्याच अल्सवॉटरवर डोनाल्ड कॅम्पबेल यांनी ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन वॉटरवर त्यांचाही अंत झाला.

समुद्रावर कायद्याने वेगळी वाट धरली. जहाजांच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये ठरलेल्या आणि १९७७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत सहावा नियम ‘सुरक्षित वेगा’चा आहे, पण त्यात आकडा नाही. दृश्यमानता, गर्दी, वारा, आपली बोट किती अंतरात थांबते आणि रात्री किनाऱ्यावरच्या दिव्यांचा उजेड किती, हे पाहून वेग ठरवायची जबाबदारी चालवणाऱ्यावर आहे. वेगमर्यादेचे विरोधक आजही याच नियमाकडे बोट दाखवतात. अनुभवी खलाशाच्या हाती तो उत्तम चालतो. सरोवरावर मात्र सुकाणू पुष्कळदा सुट्टीपुरती बोट काढणाऱ्याच्या हातात असते.

विंडरमिअरचा वाद सर्वांत चिवट ठरला. इंग्लंडमधले हे सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर, तरीही रुंदी जेमतेम दीड किलोमीटर. लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने तिथे १० नॉटची, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटरची मर्यादा मागितली. दीर्घ जाहीर चौकशी झाली, १९९६ मध्ये सरकारने प्रस्ताव फेटाळला, २००० मध्ये पुढच्या सरकारने तो मान्य केला आणि पाच वर्षांची मुदत देऊन मार्च २००५ मध्ये मर्यादा लागू झाली. १० नॉटवर वॉटरस्कीइंग होतच नाही. त्यामुळे ही नावाला मर्यादा असली तरी तो एका खेळाला दिलेला निरोप होता. स्कीवाले आणि त्यांच्यावर पोट असलेले व्यावसायिक संतापले, ते स्वाभाविकच होते. निर्णय उद्यानाच्या शांततेच्या बाजूने होता आणि तो तसाच उघडपणे मांडायला हवा. नुसत्या सुरक्षिततेच्या नावावर तो खपवणे बरोबर नाही.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या विनिपसॉकी सरोवरावर गोष्ट उलटी होती, तिथे प्रश्न अपघातांचा होता. अडीचशेहून अधिक बेटे, वळणावळणांचे किनारे आणि त्यातून धावणाऱ्या ताकदवान बोटी. २००२ च्या ऑगस्टमध्ये रात्री एक मोठी बोट लहान बोटीवर चढली आणि एक जण दगावला. जून २००८ मध्ये रात्रीच एक स्पीडबोट बेटावर आदळून एका महिलेचा जीव गेला. त्या वर्षी कायदा झाला आणि २००९ च्या आरंभापासून दिवसा ताशी ४५ मैल, रात्री २५ मैल ही मर्यादा आली. आधी ती ठरावीक मुदतीची होती, २०१० मध्ये कायम झाली. रात्रीची मर्यादा मात्र पुढे ३० मैल करण्यात आली.

विरोधकांचा मुद्दा पोकळ नव्हता. बहुतेक बोटी ४५ च्या आतच चालतात, अपघात होतात ते बेफिकिरीने आणि दारूने, असे ते म्हणत. अमेरिकी तटरक्षक दलाच्या अहवालांतही जीवघेण्या अपघातांच्या ज्ञात कारणांत दारू वर्षानुवर्षे पहिली आहे. बुडालेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नसते. शिवाय बोट सर्वांत मोठी लाट उठवते ती पूर्ण वेगात नव्हे, तर पाण्यावर उचलली जाण्याच्या आधी, नाक वर करून ढकलत जाताना. म्हणजे वेग थोडा कमी केल्याने किनारा वाचतोच असे नाही.

तरीही मी मर्यादेच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या, बुटक्या होडीत बसल्यावर कळते. बसलेल्या माणसाचे डोके पाण्यापासून जेमतेम हातभर वर असते. समोरची बोट वेग घेताना तिचे नाक वर उठते आणि काही क्षण चालवणाऱ्याला पुढचे पाणी दिसतच नाही. ताशी ४५ मैल म्हणजे सेकंदाला वीस मीटर. न्यू हॅम्पशायरमध्ये दुसरी बोट, पोहणारा किंवा किनारा १५० फुटांच्या आत असेल तर अगदी मंद चालण्याचा नियम आधीपासून आहे. ४५ मैलांच्या वेगात ते १५० फूट सव्वादोन सेकंदांत संपतात. दिसले, कळले, हात हलला, एवढ्यातच. रात्री लहान होडीचा एकुलता एक पांढरा दिवा किनाऱ्यावरच्या घरांच्या दिव्यांत मिसळून जातो. तिथे २५ सुद्धा जास्तच वाटतात.

आणि अपघातांच्या आकडेवारीत न दिसणारे लोकही आहेत. शनिवार-रविवारी पाण्यात उतरणेच ज्यांनी सोडले, त्यांची नोंद कुठल्या अहवालात होणार?

कॉनिस्टनवर एरवी ताशी दहा मैलांची मर्यादा आहे. नोव्हेंबरमध्ये बोटींच्या वेगाच्या विक्रमांसाठी भरणाऱ्या आठवड्यात तिच्यातून सूट मिळते. तेव्हा पाणी मोकळे केलेले असते, मदतीच्या बोटी तयार असतात आणि काठावरच्या प्रत्येकाला माहीत असते की आता कोण येणार आहे.