ॲपल डंपलिंग (भाजलेले)

सोललेले, गाभा काढलेले अख्खे सफरचंद मैद्याच्या पारीत गुंडाळून ओव्हनमध्ये भाजतात, तो पदार्थ म्हणजे ॲपल डंपलिंग. गाभ्याच्या पोकळीत साखर, दालचिनी आणि लोणी भरतात. बहुतेक घरांत भाजताना भोवती साखरेचा पातळ पाकही घालतात. अमेरिकेत अनेक राज्यांत हा पदार्थ होत असला तरी त्याचे खरे घर पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागात, लँकेस्टर, बर्क्स, लीहाय या काउंटींच्या शेतवस्त्यांत आहे. तिथल्या जर्मनभाषक शेतकऱ्यांच्या वंशजांना ‘पेनसिल्व्हेनिया डच’ म्हणतात. या नावाचा हॉलंडशी संबंध नाही. ‘डॉइच’, म्हणजे जर्मन, या शब्दाशी आहे. आमिश आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांचे लोक त्यांच्यातलेच.

डंपलिंग म्हटले की हल्ली आपल्याला मोमो आठवतो, आणि ओव्हनमधून तांबूस होऊन निघालेल्या पदार्थाला हे नाव का, असा प्रश्न पडतो. उत्तर इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये हा पदार्थ आधी उकडूनच करत. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाकपुस्तकात सफरचंदावर पारी चढवून, गोळा पीठ भुरभुरलेल्या ओल्या फडक्यात बांधून, उकळत्या पाण्यात सुमारे अर्धा तास शिजवायची कृती आहे. अमेरिकेत १७९६ साली निघालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पुस्तकातही सफरचंद पारीत घालून, फडक्यात बांधून उकडायलाच सांगितले आहे. भाजणे नंतर रूढ झाले. नाव मात्र जुनेच राहिले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हा पदार्थ इतका घरोघरचा होता, की राजा तिसरा जॉर्ज याची थट्टा करायला कवी जॉन वोलकॉट यांना हाच सापडला. कुठे शिवण दिसत नाही, मग सफरचंद आत गेले कसे, असे कोडे त्यांच्या कवितेतल्या राजाला पडते.

भाजायची पद्धत पेनसिल्व्हेनियात का रुजली, हे तिथल्या शेतघराकडे पाहिले की उलगडते. अनेक शेतांवर घराबाहेर विटा-दगडांची मोठी भट्टी असे. आठवड्यातून एकदा ती लाकडे जाळून तापवायची, निखारे ओढून काढायचे, आधी पाव भाजायचे आणि उरलेल्या उष्णतेत ‘पाय’ (पारीत फळांचे सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि इतर गोड जिन्नस. एकोणिसाव्या शतकात लोखंडी चूल-ओव्हन घरात आले आणि रोज थोडेथोडे भाजणे सोपे झाले. बाकीचे सगळे साहित्य शेतातच होते. झाडावर टिकाऊ हिवाळी सफरचंदे, कोठारात गहू. हिवाळ्याच्या तोंडावर घरची डुकरे कापली जात, तेव्हा वर्षभराची चरबी वितळवून भरून ठेवत. तिला लार्ड म्हणतात. जुन्या पद्धतीची पारी लार्डचीच. लोण्यापेक्षा ती पदर अधिक हलके सोडते. दुकानातून आणायची ती साखर आणि दालचिनी. याच सफरचंदांच्या वाळवलेल्या फोडी करत, त्यांना ‘श्निट्स’ म्हणतात. त्यांचाच गर तांब्याच्या मोठ्या भांड्यात तासन्‌तास आटवून काळसर ‘ॲपल बटर’ करत. ज्या घरात सफरचंद पोत्यांनी येते, तिथे ते कसे संपवायचे हा रोजचा प्रश्न असतो, आणि डंपलिंग हे त्या प्रश्नाचे सगळ्यात सुंदर उत्तर आहे.

म्हणूनच हा पदार्थ तिथे केवळ जेवणानंतरचा गोड घास नव्हता. कित्येक घरांत रात्रीचे जेवणच तेवढे असे. खोल वाडग्यात गरम डंपलिंग ठेवायचे, चमच्याने मधोमध फोडायचे आणि वरून थंड दूध ओतायचे. पारी बाहेरून कुरकुरीत राहते, आतून दूध पिते. सफरचंदाची आंबटसर वाफ वर येते. दालचिनीचा रस दुधात उतरून त्याला फिकट बदामी रंग चढतो. आइस्क्रीमचा गोळा ही नंतरची, हॉटेलांची सवय. तीही चांगली लागते, पण दुधाने जे जुळून येते ते आइस्क्रीमने येत नाही.

युरोपात या पदार्थाची भावंडे आहेत. जर्मनीत त्याला ‘घरगुती झग्यातले सफरचंद’ अशा अर्थाचे नाव आहे. फ्रान्सच्या नॉर्मंडीत सफरचंदाचा तो ‘बुर्दलो’ आणि नासपतीचा ‘दुइयाँ’.

सगळी मदार सफरचंदाच्या जातीवर असते. ताज्या सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असते. उष्णतेने पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन विरघळू लागते आणि गर मऊ होतो. काही जातींत हे इतक्या झपाट्याने होते की पारीच्या आत नुसता लगदा उरतो. इंग्लंडचे ब्रॅमली चवीला उत्तम, पण शिजले की फुलून फुटते. मॅकिंटॉशचेही तसेच. डंपलिंगला आकार धरणारे, आंबट-गोड फळ लागते. अमेरिकेत रोम ब्यूटी, नॉर्दर्न स्पाय, स्टेमन वाइनसॅप यांना मान आहे. पेनसिल्व्हेनियातल्याच यॉर्क काउंटीचे यॉर्क इम्पीरिअल एका बाजूला कललेले, तिरपे दिसते, पण ओव्हनमध्ये भक्कम टिकते.

आपल्या बाजारात अशी सफरचंदे शोधताना एक अडचण येते, आणि तिचा धागा गंमत म्हणजे पेनसिल्व्हेनियालाच जाऊन भिडतो. पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया शहरातल्या एका क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबातले सॅम्युएल स्टोक्स १९०४ साली भारतात आले, शिमल्याच्या डोंगरांत कोटगढला स्थायिक झाले आणि पुढे सत्यानंद स्टोक्स झाले. १९१६ च्या सुमारास त्यांनी तिथे रेड डेलिशस जातीची अमेरिकी कलमे लावली, आणि हिमाचलचा सफरचंदाचा व्यवसाय त्यातून उभा राहिला. मुंबई-पुण्यात ‘सिमला सफरचंद’ म्हणून जे लालभडक, खाली पाच उंचवट्यांचे फळ आपण ओळखतो, ते बहुतेक याच घराण्यातले. ते कच्चे खायला गोड आणि रसाळ. भाजायला मात्र कमी पडते: आंबटपणा नाही, शिजल्यावर चव पुसट होते, गर पिठूळ लागतो. त्यापेक्षा पिवळे गोल्डन डेलिशस घ्यावे. ते आकार छान धरते. गाभ्यात लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकले की आंबटपणाची उणीव भरून निघते. हिरवे ग्रॅनी स्मिथ महाग पडते, पण निकाल सर्वांत खात्रीचा. कुठलीही जात घेतली तरी फळ १३० ते १५० ग्रॅमचेच असावे. मोठे फळ आत शिजेपर्यंत वरची पारी करपते.

सहा डंपलिंगांना ३०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम थंडगार लोणी, अर्धा चमचा मीठ आणि साधारण ७५ ते ९० मिलिलिटर बर्फाचे पाणी लागते. करंजी-शंकरपाळ्यांची सवय असलेल्या हाताला इथे दोन गोष्टी विसराव्या लागतात. एक, कडकडीत मोहन. गरम तूप पिठाच्या कणाकणाला लागते आणि पदार्थ खुसखुशीत होतो. इथे पदर हवेत, म्हणून लोणी घट्टच राहिले पाहिजे. बोटांच्या टोकांनी ते मैद्यात चोळायचे आणि वाटाण्याएवढे तुकडे राहिले असतानाच थांबायचे. भाजताना हे तुकडे वितळतात, लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तिथे पदर सुटतो. दोन, मळणे. पाणी शिंपडून पीठ नुसते गोळा करायचे, तिंबायचे नाही; तिंबले की पारी चिवट होते आणि भाजताना आकसते. गोळा झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. लोण्याऐवजी तूप घ्यायचे असेल तर १२५ ग्रॅम पुरते, कारण तुपात पाणी नसते. ते फ्रीजमध्ये घट्ट करून घ्यावे. पदर थोडे कमी सुटतात, चव मात्र सुरेख येते.

सफरचंद सोलून गाभा काढताना तळाशी एक सेंटिमीटर गर शाबूत ठेवावा. भोक आरपार गेले तर भरलेली साखर वितळून खाली वाहते आणि तळ चिकट होतो. सोललेले फळ काळे पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात ठेवले असेल, तर गुंडाळण्यापूर्वी कोरड्या फडक्याने नीट पुसावे. ओल्या फळाला लागलेली पारी शिजून पिठल्यासारखी होते. पोकळीत एक मोठा चमचा ब्राऊन साखर किंवा किसलेला गूळ, चिमूट दालचिनी, थोडे जायफळ आणि वर लोण्याचा छोटा खडा घालावा. बेदाणे आवडीप्रमाणे.

आता राजाचे कोडे. पीठ तीन मिलिमीटरपेक्षा किंचित पातळ लाटून कातण्याने १८ सेंटिमीटरचे सहा चौकोन कापायचे. चौकोनाच्या मधोमध सफरचंद उभे ठेवायचे आणि कडांना पाण्याचे बोट फिरवायचे. समोरासमोरची दोन टोके उचलून फळाच्या माथ्यावर एकावर एक आणायची, मग उरलेली दोन. चार बाजूंना चार शिवणी उभ्या राहतात. त्या वरून खाली चिमटत यायचे, जास्तीचे पीठ वाटले तर कापून टाकायचे आणि ओलसर बोटाने शिवण पुसल्यासारखी करायची. हात मोदकासारखाच चालतो, पण मोदकाचे सारण आधी शिजलेले असते आणि इथे आतले फळ कच्चे असते. आत शिजणे आणि बाहेर भाजणे एकाच वेळी पुरे व्हायला हवे. या पदार्थाची सगळी कसोटी तिथेच आहे. माथ्यावर सुरीच्या टोकाने दोन-तीन चिरा द्याव्यात. वाफेला वाट मिळाली नाही तर ती शिवण उसवूनच बाहेर पडते. कातरणांची दोन पाने कापून माथ्यावर चिकटवायची जुनी रीत आहे. देठ म्हणून लवंगही खोचतात. गुंडाळलेली डंपलिंगे पुन्हा पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवली तर भाजताना पारी घसरत नाही.

पाकासाठी १५० ग्रॅम साखर, ३०० मिलिलिटर पाणी, दालचिनीचा तुकडा आणि ३० ग्रॅम लोणी तीन-चार मिनिटे उकळावे. तार येऊ द्यायची नाही. पाक कधी घालायचा यावर घराघरांत मतभेद आहेत. कोणी सुरुवातीलाच डंपलिंगांवर ओततात, कोणी घालतच नाहीत आणि सगळा गोडवा दुधावर व साखरेवर सोपवतात. सुरुवातीला ओतलेल्या पाकाने तळ ओलसर, पुडिंगसारखा होतो. काहींना तोच भाग सर्वांत प्रिय असतो. पारी कुरकुरीत हवी असेल तर आधी वीस-पंचवीस मिनिटे कोरडे भाजावे, मग गरम पाक डंपलिंगांच्या भोवती ओतावा आणि एक-दोनदा चमच्याने वरून सोडावा. दोन्ही बाजू सांभाळणारी हीच पद्धत उत्तम.

ओव्हन आधी १९० अंश सेल्सिअसला तापवून घ्यावा. घरच्या ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून ट्रे मधल्या कप्प्यात ठेवावा. साधारण ४० ते ५० मिनिटे लागतात. रंगावर विसंबू नये. माथ्यावरच्या चिरेतून विणायची सुई किंवा बारीक सुरी आत घालावी. उकडलेल्या बटाट्यात जाते तशी सहज गेली की झाले. रंग लवकर चढला आणि आत टणक लागले, तर वरून ॲल्युमिनियम फॉइल सैल पांघरून दहा मिनिटे आणखी ठेवावे.

गेल्या काही दशकांत अमेरिकेत एक झटपट प्रकार पसरला आहे. डब्यात मिळणारे तयार क्रेसंट रोलचे (चंद्रकोरीच्या आकाराच्या मऊ पावाचे) पीठ घ्यायचे, त्यात सफरचंदाच्या फोडी गुंडाळायच्या आणि वरून लोणी, साखर व माउंटन ड्यू हे शीतपेय ओतून भाजायचे. ते गोड आणि मऊ होते, लोक आवडीने खातात. पण अख्खे फळ गेले की पदार्थच बदलतो. फोडीला पोकळी नसते, तिच्यात साठणारा रसही नसतो. पारी फोडल्यावर आत उभे, किंचित आक्रसलेले, दालचिनीने तांबूस झालेले फळ दिसणे हा या पदार्थाचा अर्धा आनंद आहे.

ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटे थांबावे. गाभ्यातली वितळलेली साखर जीभ पोळण्याइतकी गरम असते. उरलेली डंपलिंगे फ्रीजमध्ये दोन दिवस चांगली राहतात. मायक्रोवेव्हमध्ये पारी लिबलिबीत होते, म्हणून ओव्हनमध्येच १६० अंशांवर पंधरा मिनिटे गरम करावीत. पेनसिल्व्हेनियातल्या अनेक घरांत तीही गरज पडत नाही. रात्रीचे डंपलिंग सकाळी थंडच वाडग्यात येते, वर दूध पडते आणि न्याहारी होते.