मोनरेआलेच्या भिंतीवर सोनं नक्की किती?

इटलीतल्या सिसिली बेटावर पालेर्मोजवळ मोनरेआलेचं कॅथेड्रल (मोठं चर्च) आहे, त्याच्या आतल्या मोझॅइकला (छोटे तुकडे जोडून केलेल्या भित्तिचित्रांना) २२०० किलो सोनं लागलं असा आकडा नेटवर सारखा दिसतो. मला तो पटत नाही. मोझॅइक साधारण ६५०० चौ.मी. धरू, आणि तेही सगळं सोनेरीच (तसं नाहीये, रंगीत चित्रं भरपूर आहेत). सोन्याचा वर्ख १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड धरला तर एकूण साडेसहा लिटर सोनं होतं, घनता लिटरला १९.३ किलो, म्हणजे जेमतेम सव्वाशे किलो. आकडा फॉरवर्ड करण्याआधी एवढा गुणाकार करायलाच हवा.

११७४ च्या सुमारास नॉर्मन (मूळ उत्तर फ्रान्सकडच्या घराण्यातला) राजा दुसरा विल्यम याने हे बांधायला घेतलं. लांबट आराखडा पश्चिमेकडचा लॅटिन, मोझॅइक बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या पद्धतीचं, आणि मागच्या बाजूला बाहेरून एकमेकींत गुंफलेल्या टोकदार कमानी दिसतात त्या अरबी वळणाच्या, कारण नॉर्मन यायच्या आधी बेटावर अरबांचं राज्य होतं.

पण मला वेड लावलंय ते त्या सोनेरी तुकड्यांनी. काचेवर वर्ख, त्यावर परत काचेचा पातळ थर, भट्टीत सगळं एकजीव करायचं आणि मग चौकोनी तुकडे पाडायचे. वर्ख काचेत बंद झाला की घासला जात नाही, आणि सोनं तर गंजतच नाही. हे तुकडे ओल्या गिलाव्यात हाताने दाबून बसवतात, त्यामुळे प्रत्येकाचा कल थोडा वेगळा येतो. आता शाळेतला परावर्तनाचा नियम आठवा: आरसा ५ अंश कलला की परावर्तित किरण १० अंश वळतो, म्हणजे २० मीटरवर साडेतीन मीटर बाजूला पडतो! त्यामुळे तुम्ही दोन पावलं सरकलात की काही तुकडे विझतात आणि भलतेच पेटतात. वर मुख्य वेदीमागचं अर्धघुमट, तिथे पृष्ठभागच वळलेला, प्रत्येक ठिकाणचा लंब वेगळ्या दिशेला, मग कुठेही उभे राहा, ख्रिस्ताच्या त्या प्रचंड चित्राभोवती काही ना काही चमकतंच.

काही लोक याला दैवी तेज म्हणतात. तेज खरंच आहे, पण ते आणलंय कारागिरांच्या बोटांनी, आणि मला तरी ते जास्त मोठं वाटतं.

फोटोत यातलं फारसं काही येत नाही, कारण कॅमेरा एकाच जागी उभा असतो. व्हिडिओ शोधा, चालत चालत घेतलेला.