सीपीआरनंतर छातीत रक्त साचतं तेव्हा

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या कोणत्याही आयसीयूबाहेर उभं राहा, कधी ना कधी ऐकू येईलच, "अहो बरगड्या मोडल्या त्यांनी, एवढ्या जोरात दाबतात का!" राग समजू शकतो, पण सीपीआर म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, त्यात खरंच तेवढ्या जोरात दाबावंच लागतं. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली जायला पाहिजे, तेही मिनिटाला 100 ते 120 वेळा, नाहीतर मेंदूपर्यंत रक्त पोचत नाही. 1960 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी छाती न उघडता बाहेरून दाबायची ही पद्धत मांडली, त्याआधी छाती चिरून हृदय हाताने दाबायचे. त्यामुळे कडकन आवाज आला म्हणून मधेच थांबू नका, प्लीज.

आता खरा मुद्दा. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक रक्तवाहिनी जाते आणि छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी पण एकेक जाते, मोडलेल्या हाडाचं टोक तिथे लागलं की रक्त फुफ्फुसाभोवतीच्या जागेत साचायला लागतं, ह्याला हिमोथोरॅक्स म्हणतात. सगळ्यांना होत नाही, पण वय जास्त, हाडं ठिसूळ, त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. आणि पेशंटला हार्ट अटॅकच आलेला असला तर आपण त्याला अ‍ॅस्पिरिन, हेपॅरिन (दोन्ही रक्त गोठू न देणारी), गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असं सगळं देतोच ना, तेच इथे नडतं.

फसवं काय, तर हे लगेच दिसेलच असं नाही. हृदय बंद असताना प्रेशरच नसतं, मग जखमेतून रक्त तरी किती येणार? ठोके परत आले, बीपी चढलं की वाहायला लागतं, कधी काही तासांनी. मग बीपी पुन्हा पडतं आणि सगळ्यांना वाटतं हृदयच कमजोर आहे. पण हिमोग्लोबिन उतरतंय, एका बाजूला श्वासाचा आवाज कमी येतोय, असं असेल तर छातीत बघायलाच हवं. झोपवून काढलेल्या एक्सरेत थोडं रक्त सुटून जातं, बेडजवळच सोनोग्राफी केली तर पटकन कळतं, सीटी केला तर अजून स्पष्ट. म्हणून दुसऱ्या दवाखान्यात हलवताना सीपीआर झालाय आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे नातेवाईकांनी स्वतःहून सांगा.

उपाय म्हणजे बरगड्यांमधून नळी टाकून रक्त काढणं, रक्त चढवणं, आणि पातळ करायची औषधं थांबवायची का ठेवायची हा अवघड हिशोब, कारण नुकताच स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकलेला असेल तर थांबवल्यावर तो बंद पडायची भीती. नळीतून एकदम दीड लिटरच्या वर रक्त आलं किंवा तासाला 200 मिलीच्या आसपास येतच राहिलं तर सर्जनला बोलवावं लागतं, काही वेळा वाहणारी नस कॅथेटरने (रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने) आतूनच बंद करता येते.