संध्याकाळी अडखळणारा सीडी प्लेयर

मामांनी १९८९ साली मस्कतहून आणलेला सीडी प्लेयर माळ्यावर होता, म्हणून २०१९ च्या पुरातून वाचला. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात खालच्या मजल्यावरचं फ्रिज, मिक्सर, शिलाई मशीन सगळं कृष्णामाईनं नेलं किंवा चिखलात बुडवून ठेवलं. गेल्या उन्हाळ्यात मी प्लेयर खाली काढला, पुसला, वायर लावली आणि तो चक्क वाजला. सकाळी. संध्याकाळी सातच्या सुमारास तीच सीडी लावली तर दर मिनिटाला अडखळायला लागला. पुढचे हिरवे आकडे किंचित मंद व्हायचे आणि तबकडी फिरता फिरता थांबायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठणठणीत.

"लेन्स गेली," असं तिघांनी सांगितलं. सीडी प्लेयरला काहीही झालं की हेच निदान होतं. पण लेन्सला सकाळ-संध्याकाळ कुठली कळायला?

लेन्स करते काय ते आधी बघू. सीडीवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट असते. शेजारशेजारच्या दोन वेढ्यांत १.६ मायक्रोमीटर अंतर, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीत चाळीसेक वेढे बसतील. ७४ मिनिटांच्या सीडीवरची ही वाट उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरते, सांगलीहून मिरजेला जाताना निम्मं अंतर कापलं म्हणायचं. वाटेवर बारीक खाचा असतात आणि ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त लेसरचा ठिपका त्यांच्यावरून धावतो. खाचेवरून परतणारा प्रकाश कमी, सपाटीवरून जास्त, एवढ्यावर सगळं वाचन चालतं. ठिपका आतल्या कडेला असताना तबकडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, तो बाहेर जाईल तशी २०० पर्यंत हळू होते. तेवढ्यात लेन्स वरखाली आणि आजूबाजूला सतत हलवत ठिपका वाटेवर धरून ठेवायचा असतो. हे हलवायचं काम तारेची चिमुकली वेटोळी करतात आणि त्यांना वीज लागते.

ओरखडा पडला तरी गाणं का बिघडत नाही? सीडीवर गाणं आकड्यांत लिहिलेलं असतं, आणि ते आकडे सलग लिहिलेलेच नसतात. समजा, गावातल्या प्रत्येक पोथीची पानं सुटी करून शंभर घरांत वाटून ठेवली. पुरात एक घर गेलं तर प्रत्येक पोथीचं एकेक पानच हरवणार, आणि मागच्या-पुढच्या ओव्या बघून जाणकार ते पुन्हा लिहून देईल. सीडीवर पान पुन्हा लिहिण्यासाठी जादा आकडे आधीच ठेवलेले असतात. वाटेवरचा साधारण अडीच मिलिमीटरचा तुकडा पूर्ण गेला तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. म्हणजे प्लेयरचा अंकांचा भाग पस्तीस वर्षांनीही शाबूत असायची शक्यता बरीच. म्हातारं होतं ते त्याच्या भोवतीचं.

झाकण उघडायच्या आधी एक सांगतो. प्लग नुसता बंद करू नका, काढा, आणि पाच मिनिटं थांबा. झाकण काढून प्लेयर चालवायचाच असेल तर लेन्सच्या वर डोळा नेऊ नका, हा लेसर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही आणि धोका त्यातच आहे.

आत ट्रान्सफॉर्मर, त्याच्या शेजारी चार डायोड, मग एक मोठा कंडेन्सर आणि त्याला जवळजवळ टेकून गरम होणारा रेग्युलेटर, म्हणजे पुढं कायम पाचच व्होल्ट सोडणारा भाग. कंडेन्सरवर ३३०० मायक्रोफॅरड लिहिलेलं, ते त्याच्यात किती वीज मावते त्याचं माप. काढून मीटरला लावला तर १५०० भरला.

कंडेन्सर म्हणजे घराच्या टाकीसारखाच प्रकार. आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, डायोड दोन्ही अर्ध्या लाटा एकाच दिशेला वळवतात, त्यामुळे टाकीत सेकंदाला १०० वेळा पाणी येतं. दोन भरण्यांच्या मधल्या आठेक मिलिसेकंदांत प्लेयर टाकीतलंच पितो. माझा प्लेयर साधारण अर्धा ॲम्पिअर घेतो. ३३०० च्या टाकीत तेवढ्या वेळात पातळी सव्वा व्होल्टनं उतरते. १५०० च्या टाकीत उतरते २.७ व्होल्टनं.

आता संध्याकाळ. भिंतीत २३० व्होल्ट असताना टाकी ११ व्होल्टपर्यंत भरते, म्हणजे वाळलेल्या कंडेन्सरनं तळ गाठला तरी ८.३ उरतात. रेग्युलेटरला पाच व्होल्ट द्यायला निदान सात लागतात, तेव्हा सकाळी चिंता नाही. आमच्याकडे संध्याकाळी मीटरवर १९० दिसले. आता टाकी भरते ८.७ पर्यंत आणि तळ येतो सहावर. सेकंदाला शंभर वेळा रेग्युलेटर गुडघे टेकतो, वेटोळ्यांचा जोर जातो, ठिपका वाट सोडतो. नवा कंडेन्सर असता तर त्याच १९० व्होल्टवर साडेसात उरले असते. लेन्स बिचारी निर्दोष होती.

कंडेन्सर वाळतो म्हणजे खरोखरच वाळतो. आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि मध्ये द्रवात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. खालच्या रबरी बुचातून तो द्रव वर्षानुवर्षं उडत राहतो. साधा हिशोब असा की दर १० अंश उष्णता कमी झाली की आयुष्य दुप्पट. ८५ अंशांना २००० तासांचा कंडेन्सर ४५ अंशांना ३२,००० तास टिकतो. पण शेजारी रेग्युलेटर असला तर ४५ कुठले? ११ व्होल्ट येतात आणि पाचच पुढं जातात, उरलेले सहा अर्ध्या ॲम्पिअरला गुणले की तीन वॅटची शेगडी होते. त्याच बोर्डावर लांब कोपऱ्यात बसलेले कंडेन्सर मी मोजले, ते बहुतेक चांगले निघाले.

नवा घेतला तो १०५ अंशांचा, आणि रेग्युलेटरपासून थोडं अंतर ठेवून बसवला. जुन्या बोर्डावरची तांब्याची रेघ फार नाजूक असते. सोल्डरिंग आयर्न तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं की रेघ पापडासारखी उचलली जाते. तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं जुनं कथील टिपून घ्यायचं, मगच पाय ओढायचे. एवढं सगळं ज्ञान असूनही एक छोटा कंडेन्सर मी उलटा बसवला. पांढरी पट्टी म्हणजे ऋण टोक हे दहावीतल्या पोराला माहीत असतं. मिनिटभरानं फटाक्यासारखा आवाज, छतापर्यंत कागदाचा कापूस आणि दोन दिवस न जाणारा उग्र वास. बायकोनं त्यानंतर टेबल गॅलरीत हलवायला लावलं.

दुरुस्ती इथं संपली होती, पण हौस संपत नाही. आकड्यांचा आवाज झाल्यावर तो बाहेर पाठवायला आठ पायांची एक चिप असते, ऑप-अँप. माझ्या प्लेयरमध्ये डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक, दोन्ही ५५३२ जातीच्या. ती काढून महाग चिप बसवली की आवाजावरचा पडदा उठतो, असं सगळे सांगतात. पहिली मागवलेली चिप नकली निघाली. ॲसिटोन लावलेल्या कापसावर छापील नंबरच उतरला. दुसरी खरी मिळाली. मी मुद्दाम फक्त उजव्या बाजूला खोबणी लावून ती बसवली आणि डावी जुनीच ठेवली.

ऐकायला काय लावायचं? मिरज जवळ, तंबोरे करणारं गाव. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी साधतात. तार त्या वक्र घोडीला घासत सुटते आणि एका षड्जातून वरच्या सुरांची साखळी झरत राहते. यंत्रात कुठं काही दबलं तर ते या साखळीत आधी कळायला हवं. ओळखीच्या एका चाचांच्या कारखान्यात जाऊन एकाच माइकवर वीस मिनिटं तंबोरा रेकॉर्ड केला आणि दोन्ही बाजूंना तोच आवाज टाकून सीडी-आरवर, म्हणजे एकदाच लिहायच्या कोऱ्या सीडीवर, उतरवला. म्हणजे डाव्या आणि उजव्या वायरीत फरक ऐकू आला तर तो चिपचा. (पुन्हा पुन्हा लिहायची सीडी घेऊ नका. तिच्यावरून परतणारा प्रकाश इतका क्षीण असतो की जुना प्लेयर ती ओळखतच नाही.)

उजवी बाजू ऐकली आणि वाटलं, पैसे वसूल. खर्जाला वजन, वरच्या सुरांना धार. दोन आठवडे मी हे येईल त्याला सांगत होतो. मग सहज ४०० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावून दोन्ही टोकांना मीटर लावला. उजवीकडे २ व्होल्ट, डावीकडे १.९. फरक अर्ध्या डेसिबलच्याही आतला, आणि तो जुन्या रोधांमुळे. दोन्हीकडे तीच चिप लावली तरी तो तसाच राहिला. इतका फरक कानाला मोठा आवाज म्हणून कळत नाही, चांगला आवाज म्हणून कळतो. दुकानात दोन स्पीकर शेजारी ठेवून ऐकवतात, तेव्हा हे ध्यानात ठेवलेलं बरं.

उजवी पातळी उतरवून दोन्ही सारख्या केल्या. लेकीनं पडद्यामागं बसून नाणं उडवायचं, त्याप्रमाणे एकाच स्पीकरला डावी किंवा उजवी वायर जोडायची आणि मी नवी की जुनी ते सांगायचं. वीसपैकी अकरा बरोबर आले. नाण्याला विचारलं असतं तरी दहाच्या आसपासच आले असते.

प्लेयरच्या आत ठेका धरणाऱ्या घड्याळाचा स्फटिक बदलायचाही सल्ला मिळाला होता. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मापं, असतात, आणि बऱ्याच प्लेयरमधला स्फटिक त्याच्या २५६ पट, ११.२८९६ मेगाहर्ट्झवर थरथरतो. त्या ठेक्यात चूक झाली तर नमुना चुकीच्या क्षणी पडतो. २० हजार हर्ट्झच्या पूर्ण जोराच्या सुराला सोळा बिटांतली अर्धी पायरी, म्हणजे सीडीवरच्या सगळ्यात बारीक मापाचा निम्मा भाग, चुकायला सुमारे १२० पिकोसेकंद पुरतात, हे खरं आहे. पण तंबोऱ्यात २० हजार हर्ट्झला पूर्ण जोर कुठून यायचा? मी तो खर्च टाळला.

मागच्या रविवारी प्लेयर घेऊन मिरजेला गेलो. चाचांनी डोळे मिटून दोन्ही वायरी तीन-तीनदा ऐकल्या. हात वर करून थांबवलं.

"डावी-उजवी काय कळंना मला," ते म्हणाले. "पण जोडातली दुसरी तार उतरलीया. रेकॉर्ड केलं तेव्हा बोलला का नाही तुम्ही?"

घरी येऊन ऐकलं. उतरली आहे.