रेडॉन मोजावा लागतो तो आपल्याच घरात

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, वीजनिर्मिती अद्याप सुरू न झालेल्या एका अणुवीज प्रकल्पात कामावर आलेल्या अभियंत्यामुळे किरणोत्सार ओळखणाऱ्या यंत्रांचे भोंगे वाजू लागले. शोध घेतल्यावर उगम प्रकल्पात नव्हे, तर त्याच्या राहत्या घरात सापडला. तेथील हवेत रेडॉन या किरणोत्सारी वायूचे प्रमाण दर घनमीटरमागे सुमारे १,००,००० बेकरेल (दर सेकंदाला ऱ्हास पावणाऱ्या अणूंची संख्या) होते. मोकळ्या हवेत हे प्रमाण साधारणतः ५ ते १५ असते.

रंग, वास, चव नसलेला हा वायू जमिनीतच तयार होतो. खडक-मातीतील युरेनियमचा टप्प्याटप्प्याने ऱ्हास होताना रेडियम बनते आणि रेडियमपासून रेडॉन. त्याचे अर्धायुष्य (निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ) ३.८ दिवसांचे, म्हणजे मातीच्या कणांमधून वाट काढत वर येण्यास पुरेसे. घरातील उबदार हवा वर चढून निसटते तेव्हा तळाशी दाब किंचित कमी होतो आणि फरशीच्या भेगा, भिंत व जमिनीचा सांधा, नळांभोवतीच्या फटी यांतून जमिनीतील हवा आत ओढली जाते. हा ओढा घराच्या बांधणीवर, त्याखालच्या मातीवर आणि दारे-खिडक्या किती उघड्या राहतात यावर अवलंबून असल्याने एकाच गल्लीतील दोन घरांच्या आकड्यांत कित्येक पटींचा फरक पडू शकतो. परिसराच्या नकाशावरून फार तर शक्यता कळते. शेजाऱ्याचा अहवाल चांगला आला म्हणून आपण निर्धास्त राहणे धोक्याचे आहे.

श्वासातून आत गेलेला बहुतेक रेडॉन तसाच बाहेर पडतो. खरा उपद्रव त्याच्या ऱ्हासातून निर्माण होणाऱ्या पोलोनियम-२१८ आणि पोलोनियम-२१४ यांचा; हे घन पदार्थ श्वसनमार्गाच्या अस्तराला चिकटून तेथे अल्फा कण, म्हणजे पेशींना इजा करणारे किरणोत्सारी कण, सोडतात. बाहेरून आलेला अल्फा कण त्वचेच्या मृत थरातच अडकतो, पण फुफ्फुसांच्या अस्तराला असे कवच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार दीर्घकालीन सरासरी १०० बेकरेलने वाढली की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, आणि धूम्रपान करणाऱ्यांचा मूळ धोकाच मोठा असल्याने त्यांना ही वाढ कितीतरी जड जाते. संघटनेने १०० बेकरेल ही संदर्भपातळी सुचवली आहे. अमेरिकेत १४८ पासून दुरुस्तीचा सल्ला दिला जातो.

मापनाच्या साध्या पद्धती दोन. सक्रिय कोळशाची डबी काही दिवस ठेवून लगेच प्रयोगशाळेत धाडावी लागते, कारण शोषलेला रेडॉनही ३.८ दिवसांच्याच हिशोबाने घटत जातो. दुसऱ्या पद्धतीत विशिष्ट प्लॅस्टिकचा छोटा तुकडा तीन महिने ते वर्षभर खोलीत राहतो. अल्फा कणांनी त्यावर केलेल्या सूक्ष्म इजा प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात खड्ड्यांसारख्या उमटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या जातात. रेडॉनचे प्रमाण दिवसरात्र आणि ऋतूप्रमाणे वरखाली होत असल्याने ही दुसरी पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. मापक वावर असलेल्या सर्वांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंच, खिडकी, स्वयंपाकघर व न्हाणीघर टाळून ठेवावा. अल्पकालीन चाचणीत मात्र आधीचे १२ तास आणि चाचणीभर खिडक्या बंद हव्यात.

आकडा जास्त आला म्हणून घर सोडण्याची वेळ सहसा येत नाही. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही; फरशीखाली पाइप घालून तेथील हवा पंख्याने छपरावर सोडली की दाबाचा ओढा उलटतो आणि प्रमाण बहुधा निम्म्याहून खाली येते. पंखा बसवल्यावर आणि पुढे घराच्या बांधकामात काही मोठा बदल केल्यावरही चाचणी पुन्हा करावी.